डेस्कटॉप मध्येच बंद पडतो: भाग बदलण्याआधी कारण कसं शोधायचं

कॉम्प्युटर चालता चालता बंद पडायला लागला की बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट होते. कोणीतरी विंडोज फॉरमॅट मारतं, नाहीतर दुकानदार एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) बदलून देतो. कधीकधी त्यानं काम भागतंही. पण कारण सैल सॉकेट किंवा अडकलेलं पॉवर बटण असेल, तर पैसे जातात आणि आठवड्याभरात दुखणं परत येतं. शोध कॅबिनेटच्या बाहेरून आत, फुकटच्या तपासण्यांकडून महागड्यांकडे न्यायचा आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. खालच्या पायऱ्या त्याच क्रमानं आहेत. विंडोज १० आणि ११ असलेले जोडणीचे डेस्कटॉप डोळ्यांपुढे ठेवले आहेत.

## तयारी

सगळ्यात आधी बॅकअप घ्या. झटक्यानं बंद होणारी मशीन लिहिता लिहिता हार्ड डिस्कची वीज तोडते. टॅली, फोटो, कामाच्या फायली बाहेरच्या डिस्कवर गेल्याशिवाय ताण देणाऱ्या चाचण्या करू नका.

लागणारं सामान: मध्यम फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, ब्लोअर किंवा दाबलेल्या हवेचा कॅन, चांगल्या प्रतीची थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा लेप), आयसोप्रोपाइल अल्कोहोल, धागे न सुटणारं कापड आणि साधा डिजिटल मल्टिमीटर. शिवाय एक वही. प्रत्येक वेळी मशीन बंद पडली की तारीख, वेळ, तेव्हा काय चालू होतं आणि घरातलं कुठलं मोठं उपकरण सुरू झालं होतं, एवढं लिहा. चार-पाच नोंदी झाल्या की पुष्कळदा उत्तर वहीतच दिसतं.

सावधान: कॅबिनेट उघडण्याआधी भिंतीवरचा स्विच बंद करा, वायर काढा आणि पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आतली उरलीसुरली वीज निघून जाते. आतल्या भागांना हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला स्पर्श करा.

## पायरी १: ‘बंद पडतो’ म्हणजे नेमकं काय होतं?

इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. एका वाक्यात पाच वेगळी दुखणी लपलेली असतात.

१. पंखे, दिवे, स्क्रीन सगळं एका क्षणात थांबतं आणि मशीन तशीच पडून राहते. वीजपुरवठा, एसएमपीएस, उष्णता किंवा पॉवर बटण. लेखाचा मोठा भाग याच प्रकारासाठी आहे.

२. झटक्यात बंद होऊन आपोआप सुरू होते. क्षणभर गेलेली वीज, रीसेट बटण, रॅम किंवा दिसण्याआधीच निघून गेलेली निळी स्क्रीन (विंडोज कोलमडल्यावर येते ती). बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणारा मदरबोर्डचा स्वतःचा प्रोग्रॅम) ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ हा पर्याय चालू असेल, तर वीज येताच मशीन उठते. त्यामुळे हा सेटिंग आधी बघा.

३. निळी स्क्रीन येऊन रीस्टार्ट. ड्रायव्हर, रॅम, प्रोसेसर, डिस्क. पायरी २ आणि पायरी ७.

४. ‘शटिंग डाउन’ दाखवून रीतसर बंद. अपडेट, कुणीतरी लावलेलं वेळापत्रक किंवा पॉवर बटणाचा हलका स्पर्श. मशीन दर तासाला नेमानं बंद होत असेल, तर विंडोजची ‘एंटरप्राइझ इव्हॅल्युएशन’ प्रत टाकलेली आहे का ते बघा. मुदत संपलेली ती प्रत दर तासाला मशीन बंद करते. साधी, ॲक्टिव्हेट न केलेली विंडोज असं करत नाही.

५. स्क्रीन काळी, पण पंखे फिरताहेत. ही मशीन बंद पडलेलीच नाही. कीबोर्डवर कॅप्स लॉक दाबून बघा. दिवा पेटतो-विझतो तर मशीन जिवंत आहे आणि प्रश्न स्लीप, मॉनिटर, केबल किंवा ग्राफिक्स कार्डचा आहे. या लेखातल्या बहुतेक पायऱ्या तिला लागू नाहीत.

वेळही बघा. सुरू केल्यावर चार-पाच सेकंदांत बंद होते तेव्हा अडकलेलं बटण, प्रोसेसरवर नीट न बसलेला कूलर किंवा शॉर्ट. गेम किंवा व्हिडिओ एक्स्पोर्ट सुरू होताच बंद होते तेव्हा एसएमपीएसवर पहिला संशय. भार देऊन दहा-वीस मिनिटांनी बंद होते तेव्हा उष्णता. पाण्याचा पंप किंवा फ्रिज सुरू होताना बंद होते तेव्हा भिंतीपासून सुरुवात करा.

## पायरी २: विंडोजनं काय लिहून ठेवलंय ते वाचा

स्टार्टमध्ये ‘इव्हेंट व्ह्यूअर’ शोधून उघडा. डावीकडे ‘विंडोज लॉग्ज’, त्यात ‘सिस्टीम’. उजवीकडच्या ‘फिल्टर करंट लॉग’मध्ये हे क्रमांक स्वल्पविराम देऊन टाका: ४१, ८६, १०७४, ६००८.

- १०७४: कुणीतरी किंवा कुठल्यातरी प्रोग्रॅमनं रीतसर बंद केलं. कोणी, ते नाव त्याच नोंदीत असतं.
- ६००८: मागच्या वेळी मशीन अनपेक्षित बंद झाली.
- ८६ (कर्नेल-पॉवर): उष्णतेमुळे बंद. ही नोंद असली तर थेट पायरी ५ वर जा. नसली म्हणून उष्णता निर्दोष ठरत नाही, कारण प्रोसेसरनं स्वतःला वाचवायला वीज तोडली तर विंडोजला लिहायला वेळच मिळत नाही.
- ४१ (कर्नेल-पॉवर): ‘शेवटचं बंद होणं नीट झालं नव्हतं.’

४१ ला लोक आजाराचं नाव समजतात. ती नोंद पुढच्या वेळी मशीन सुरू होताना लिहिली जाते आणि कारण सांगत नाही. उपयोगाचा मजकूर तिच्या ‘डिटेल्स’ टॅबमध्ये असतो. तिथे ‘बगचेककोड’ शून्य असेल, तर बहुधा निळी स्क्रीन आलीच नव्हती, म्हणजे पहिला संशय वीज किंवा उष्णतेवर. शून्य नसेल, तर ती दडलेली निळी स्क्रीन होती. उदाहरणार्थ, २९२ म्हणजे हार्डवेअरनं स्वतः कळवलेला दोष आणि २६ म्हणजे मेमरी व्यवस्थापनातला. ‘पॉवरबटनटाइमस्टॅम्प’ (बटण दाबल्याची वेळ) शून्य नसेल आणि तुम्ही बटण दाबलेलं नसेल, तर उडी मारून पायरी ४ वर या.

निळी स्क्रीन वाचता यावी म्हणून ‘व्ह्यू ॲडव्हान्स्ड सिस्टीम सेटिंग्ज’ उघडा. ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबमध्ये ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’च्या सेटिंग्जमध्ये जाऊन ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ची खूण काढा.

तपासा: मशीन सुरू करून बायोसच्या पडद्यावर तासभर सोडून द्या. तिथेही बंद पडली, तर विंडोज, व्हायरस, ड्रायव्हर सगळे सुटले. फॉरमॅटचा विचार सोडा. बायोसमध्ये टिकली तर मात्र विंडोजच दोषी असं होत नाही, कारण बायोसमध्ये ग्राफिक्स कार्डावर भार जवळपास नसतो.

## पायरी ३: भिंतीपासून कॅबिनेटपर्यंत

मशीनमागची पॉवर वायर हलकेच हलवा. बंद पडली, तर वायर नाहीतर एसएमपीएसचं सॉकेट सैल आहे. वायर मॉनिटरच्या वायरशी अदलाबदल करून बघता येते. भिंतीतल्या जुन्या सॉकेटच्या पट्ट्या ढिल्या पडतात आणि प्लगच्या पिना काळ्या पडतात. काळी पिन दिसली तर ते सॉकेट वापरू नका, बदलून घ्या. एकाला एक जोडलेले एक्स्टेंशन बोर्डही इथेच काढून टाका.

घरचा पुरवठा २३० व्होल्ट धरलेला असतो. साधारण २०७ ते २५३ या मर्यादेत तो राहायला हवा. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसत असतील किंवा कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंग बिघडलं आहे. हे मोजमाप सवय नसलेल्यानं करू नये, इलेक्ट्रिशियनला बोलवा.

आता यूपीएस. आपल्याकडच्या कितीतरी ‘बिघडलेल्या’ डेस्कटॉपमागे खरा आजारी हाच असतो. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. ग्राफिक्स कार्ड असलेली मशीन आणि मॉनिटर यांना भाराच्या वेळी तेवढं पुरत नाही. आतली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते. मग डोळ्याला दिसणार नाही इतका क्षण वीज गेली तरी यूपीएस सांभाळू शकत नाही, आणि घरातला दिवा लुकलुकतही नसल्यामुळे कोणाला त्याचा संशय येत नाही. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावला असेल तर काढाच. त्याचा तापणारा रोलर एका झटक्यात यूपीएस बसवतो.

यूपीएसची परीक्षा अशी घ्या:

१. मशीन बायोसमध्ये ठेवा आणि यूपीएसचा भिंतीवरचा स्विच बंद करा. मशीन त्याच क्षणी विझली तर बॅटरी गेली किंवा यूपीएस.
२. टिकली, तर सगळ्या फायली बंद करून विंडोजमध्ये थोडा भार असताना हेच करा.
३. नवी बॅटरी टाकूनही फक्त भाराखालीच विझत असेल, तर जोडी जुळत नाही. ॲक्टिव्ह पीएफसी (वीज खेचणं सुधारणारं सर्किट) असलेले काही एसएमपीएस स्वस्त यूपीएसच्या पायऱ्यापायऱ्यांच्या लहरीवर रुसतात. तिथे प्युअर साइन वेव्ह, म्हणजे गुळगुळीत लहरीची वीज देणारा यूपीएस लागतो.

तपासा: यूपीएस आणि एक्स्टेंशन बोर्ड दोन्ही बाजूला ठेवून मशीन दोन-तीन दिवस थेट चांगल्या सॉकेटवर चालवा. बंद पडणं थांबलं, तर कॅबिनेट उघडायची गरजच नाही. वळवाच्या पावसाचे दिवस असतील तर विजा चमकताना प्लग काढून ठेवा.

## पायरी ४: बटण आणि समोरचे पोर्ट

पाच मिनिटांचं काम, म्हणून बहुतेक जण विसरतात. पॉवर बटण सुमारे चार सेकंद दाबलेलं राहिलं की मदरबोर्ड वीज तोडतो. धूळ, सांडलेला चहा किंवा तुटलेलं प्लास्टिक यांनी बटण आत अडकलं, तर मशीन सुरू होऊन चार-पाच सेकंदांत विझते आणि सगळे एसएमपीएसला दोष देतात.

१. मशीन बंद करून, वायर काढून मदरबोर्डच्या कोपऱ्यातल्या समोरच्या पॅनेलच्या बारीक वायरी शोधा. आधी मोबाइलवर फोटो काढा.
२. ‘पॉवर’ आणि ‘रीसेट’ या दोन्ही जोडण्या उपसून ठेवा.
३. वीज जोडा आणि पॉवरच्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर लावून मशीन सुरू करा. कुठल्या दोन पिना ते मदरबोर्डच्या पुस्तिकेत बघूनच.
४. तशीच दिवसभर चालवा. टिकली, तर बटण बदला. तोवर रीसेटची वायर पॉवरच्या पिनांना लावली की रीसेट बटणच पॉवर बटण म्हणून चालतं.

समोरच्या यूएसबी पोर्टमधली जीभ वाकलेली असेल, तर तिथेही शॉर्ट होतो. काही मदरबोर्ड ‘यूएसबी ओव्हर करंट’ असा इशारा देऊन पंधरा सेकंदांत बंद होतात. समोरच्या यूएसबीची जोडणीही काढून बघा.

## पायरी ५: उष्णता

तापमान दाखवणारा ‘एचडब्ल्यूइन्फो’ हा प्रोग्रॅम उतरवून ‘सेन्सर्स ओन्ली’मध्ये उघडा आणि लॉगिंग चालू करा. मशीन विझली तरी फाइल राहते. पुन्हा सुरू करून तिच्या शेवटच्या ओळी बघा. शेवटच्या क्षणी प्रोसेसर ६० अंशांवर असेल, तर उष्णतेची शंका प्रोसेसरपुरती मिटली. ग्राफिक्स कार्डाचा आकडाही त्याच ओळीत वाचा.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. बहुतेक इंटेल डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते, एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या बऱ्याच प्रोसेसरची ९५. तिथे पोचल्यावर प्रोसेसर आधी वेग कमी करतो, लगेच बंद होत नाही. वेग कमी करूनही ताप वाढतच राहिला तरच वीज तोडली जाते. म्हणजे उष्णतेनं बंद पडणाऱ्या मशीनमध्ये सहसा काहीतरी ढोबळ चुकलेलं असतं: पंखा थांबलेला, कूलर एका बाजूनं उचललेला किंवा वॉटर कूलरचा पंप मेलेला. नुसती थोडी धूळ किंवा वर्षभर जुनी पेस्ट क्वचितच एवढं करते. विदर्भातल्या मे महिन्यात, बंद कपाटात ठेवलेल्या कॅबिनेटची गोष्ट वेगळी.

कूलरचं काम, क्रमानं:

१. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा. हवेनं भरधाव फिरली तर बेअरिंग बिघडतं. घरचा व्हॅक्युम क्लीनर आत घालू नका, त्यानं स्थिर वीज तयार होते.

२. कूलर काढण्याआधी मशीन दहा मिनिटं चालवून पेस्ट कोमट करा, मग बंद करून वायर काढा. एएम४ सॉकेटच्या रायझनमध्ये कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपसून येतो आणि पिना वाकतात. कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवत सोडवा.

३. जुनी पेस्ट आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं दोन्ही पृष्ठभागांवरून पूर्ण पुसा. ९९ टक्क्यांचं मिळालं तर उत्तम. ७० टक्क्यांच्यात पाणी असतं, नीट वाळू द्या.

४. नवी पेस्ट मधोमध, तुरीच्या दाण्याएवढी. रुंद प्रोसेसरला जरा जास्त. बोटानं फासायची नाही.

५. इंटेलच्या चार पायांच्या कूलरमध्ये प्रत्येक खुंटी बाणाच्या दिशेनं फिरवणं म्हणजे सोडवणं. बसवताना ती आधी उलट दिशेला पूर्ण फिरवलेली हवी. मग समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या जोड्या दाबा. ‘टक्’ आवाज आला म्हणून थांबू नका. जमल्यास मदरबोर्डच्या मागून बघा, चारही पायांची टोकं पूर्ण बाहेर आलेली दिसली पाहिजेत.

६. पंख्याची वायर मदरबोर्डवरच्या ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या जागीच.

नव्या कूलरच्या तळाची प्लास्टिकची पारदर्शक पट्टी काढायची राहून जाणं ही इतकी नेहमीची चूक आहे की ती दोनदा तपासावी.

तपासा: ‘ओसीसीटी’ या ताण देणाऱ्या प्रोग्रॅमची फक्त प्रोसेसरची चाचणी वीस मिनिटं चालवा. आकडा ८५ च्या खाली स्थिरावला तर पुढे चला. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघांवर एकदम भार टाकू नका, मग दोषी कोण ते कळत नाही.

## पायरी ६: एसएमपीएस

सावधान: एसएमपीएसचा डबा उघडायचा नाही. वायर काढल्यानंतरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर वीज राहू शकते.

आधी त्यावरचं लेबल वाचा. स्वस्त कॅबिनेटसोबत येणाऱ्या डब्यावर ‘४५०’ छापलेलं असतं, पण आजच्या मशीनला लागणारी जवळपास सगळी वीज १२ व्होल्टच्या वाटेनं जाते. तिथे १८ अँपिअर लिहिलं असेल, तर १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॅट, एवढाच खरा दम. तुलनेसाठी, १७० वॅटच्या आरटीएक्स ३०६० कार्डासाठी एनव्हीडिया ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. कार्ड क्षणभरासाठी आपल्या सरासरीच्या कितीतरी वर झेप घेतं आणि नेमक्या त्या क्षणी कमजोर किंवा म्हातारा एसएमपीएस स्वतःचं संरक्षण म्हणून वीज तोडतो.

त्याची एक खूण आहे. विझल्यावर पॉवर बटणाला मशीन दाद देत नाही आणि मागचा स्विच बंद करून थोड्या वेळानं चालू केला की पुन्हा सुरू होते. असं दिसलं, तर संरक्षण लागून अडकलं आहे, असं समजायला हरकत नाही.

चाचणी:

१. फक्त प्रोसेसरवर भार, वीस मिनिटं. मग फक्त ग्राफिक्स कार्डावर ताण देणारा ‘फरमार्क’ प्रोग्रॅम, दहा मिनिटं, तापमानावर नजर ठेवून. पहिल्यात टिकून दुसऱ्यात विझली, तर संशय एसएमपीएस आणि कार्ड या जोडीवर.

२. कार्डाला दोन सॉकेट असतील, तर एकाच केबलची दोन तोंडं न लावता एसएमपीएसपासून दोन वेगळ्या केबल आणा. नव्या कार्डांच्या १६ पिनांच्या जोडणीत प्लग पूर्ण आत गेला आहे ना, फट दिसत नाही ना, ते बघा. अर्धवट बसलेला प्लग वितळतो.

३. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून मोकळ्या मोलेक्स (चार पिनांच्या जुन्या) जोडणीत मोजा. काळी आणि पिवळी: ११.४ ते १२.६. काळी आणि लाल: ४.७५ ते ५.२५. मशीन भाराखाली असताना मोजा, रिकामी असताना आकडे नेहमीच चांगले दिसतात. टोकं एकमेकांना लागू देऊ नका.

आकडे बरोबर आले म्हणून एसएमपीएस निर्दोष नाही. क्षणभराची घसरण मल्टिमीटरला दिसत नाही. हिरव्या आणि काळ्या वायरी तारेनं जोडून पंखा फिरवण्याच्या ‘टेस्टिंग’चा अर्थ तर एवढाच की तो सुरू होतो. भाराखाली टिकतो का, ते त्यातून कळत नाही. खात्रीचा उपाय एकच: ओळखीच्याकडून पुरेशा ताकदीचा, चालू एसएमपीएस दोन दिवस आणून लावणे.

सावधान: मॉड्युलर (सुट्या होणाऱ्या केबलच्या) एसएमपीएसच्या केबल दुसऱ्या कंपनीच्या, कधीकधी त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलच्याही, डब्याला लावू नका. प्लग बसतो, पण पिनांचा क्रम वेगळा असतो. हार्ड डिस्क आणि मदरबोर्ड एका सेकंदात जळतात.

## पायरी ७: किमान जोडणी

इथवर उत्तर मिळालं नसेल, तर मशीन सोलून काढा. एसएमपीएस, मदरबोर्ड, प्रोसेसर, कूलर आणि रॅमची एकच काडी एवढंच ठेवा. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर ग्राफिक्स कार्डही बाहेर. डिस्क, समोरचे पोर्ट, वायफाय कार्ड, दिव्यांच्या पट्ट्या सगळं काढा. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम जास्त वेगानं पळवणारे पर्याय) बंद करून रॅम मूळ वेगावर आणा.

रॅमचे सोनेरी संपर्क पांढऱ्या खोडरबरानं हलके पुसतात ते ठीक, पण चुरा ब्लोअरनं उडवून मगच बसवा आणि कडेची चाप बसेपर्यंत दाबा. मग पेन ड्राइव्हवरून रॅम तपासणारा ‘मेमटेस्ट८६’ रात्रभर चालू ठेवा. एकही चूक चालत नाही. ‘दोन-तीनच एरर आहेत’ असं काही नसतं. चूक आली तर एकेक काडी वेगळी तपासा.

मदरबोर्ड बाहेर काढायची वेळ आली, तर त्याच्या पाठीमागे बघा. छिद्र नसलेल्या जागी जास्तीचा पितळी खांब राहिला असेल किंवा एखादा स्क्रू घरंगळला असेल, तर तिथे शॉर्ट होतो. पाली आणि मुंग्यांचं बस्तानही इथेच सापडतं. कोकणपट्टीत जोडण्यांवर हिरवट थर दिसला तर तो खारट हवेचा. प्रोसेसरभोवतीचे कपॅसिटर माथ्यावर फुगलेले किंवा ओघळलेले दिसले, तर शोध संपला, मदरबोर्ड गेला.

किमान जोडणीत मशीन दिवसभर टिकली, तर एकेक भाग परत लावा आणि प्रत्येक भागानंतर आधी जेवढ्या वेळात विझायची त्याच्या दुप्पट वेळ चालवा. घाईनं दोन भाग एकदम लावले की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल आणि निळ्या स्क्रीन येत असतील, तर मदरबोर्डचं बायोस आधी ताजं करा. या पिढ्यांमधल्या काही प्रोसेसरमधली अस्थिरता कंपनीनं २०२४ मध्ये मान्य केली, सुधारित मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला, बायोसमार्फत येणारा प्रोग्रॅम) दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आधीच खराब झालेला प्रोसेसर अपडेटनं दुरुस्त होत नाही, तो बदलूनच घ्यावा लागतो. एक मात्र ध्यानात ठेवा: मशीन अधूनमधून विझत असताना बायोस अपडेट सुरू करू नका. अर्ध्यात वीज गेली तर मदरबोर्ड सुरूच होणार नाही. आधी किमान जोडणीत आणि खात्रीच्या विजेवर ती टिकते हे बघा.

बायोसच्या गोल सेलबद्दल: सीआर२०३२ संपला की घड्याळ आणि सेटिंग्ज विसरतात. चालू मशीन बंद पडणं हे सहसा त्याचं काम नव्हे. बदलायचा तर बदला, उपाय म्हणून त्याच्यावर थांबू नका.

## दुकानात न्यायची वेळ आली तर

प्रोसेसर किंवा मदरबोर्डवर संशय उरला आणि बदलून बघायला दुसरा भाग नसेल, तर इथे थांबा. दुकानात ‘बंद पडतो’ एवढंच सांगू नका. वहीतल्या नोंदी, ४१ क्रमांकाच्या नोंदीच्या ‘डिटेल्स’चा फोटो, एचडब्ल्यूइन्फोची फाइल आणि कोणते भाग बदलून पाहिले ते सांगा. यूपीएससह बंद पडते की थेट सॉकेटवरही, हे आवर्जून सांगा, कारण दुकानातल्या चांगल्या विजेवर तुमची मशीन आठवडाभर खुशाल चालेल. मशीन देण्याआधी एसएमपीएस, रॅम आणि ग्राफिक्स कार्डावरच्या सिरियल नंबरांचे फोटो काढा आणि बदललेला जुना भाग परत मागा. त्याची वॉरंटी अजून शिल्लक असू शकते.